हेमचंद्र आणि ‘अर्धा’ खेळ

जपानच्या कावासाकी शहरातल्या हेमचंद्राला रग्बी शिकवली ती गावच्या कबड्डीनं. हसू नका, ऐका. वीसेक वर्षांपूर्वी तो नोकरीसाठी इकडे आला, तेव्हा कारखान्याच्या रविवारच्या संघात एक गडी कमी पडला आणि याला उभं केलं. नियम एक कळेना. पण अंगावर येणाऱ्याचे पाय धरायचे, हे काय त्याला शिकवायला हवं? तीन धिप्पाड जपानी चिखलात लोळले. त्याच तिघांनी संध्याकाळी त्याला ‘हेमु-सान’ करून टाकलं. परमुलखात लाडाची ती पहिली हाक. तेव्हापासून युनियन रग्बी, म्हणजे जपानात सगळे खेळतात ती पंधरा गड्यांची, हे त्याचं कुलदैवतच झालं.

रग्बीचा दुसरा प्रकार लीग. तेरा गड्यांचा, इकडे फारसा कुणी न पाहिलेला. हेमचंद्र म्हणायचा, “अर्धा खेळ तो! दोन गडी कमी, अक्कलही तेवढीच कमी.” आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

आणि त्याचीच लेक कश्मिरा, वय वर्षं एकोणीस, तामा नदीकाठच्या एका नव्या लीग संघात खेळू लागली. तीन महिने घरी याबद्दल बोलली नाही. जर्सी मैत्रिणीकडे धुवायची. आई सुचेताला तेवढा सुगावा होता. एका सकाळी जर्सी चुकून घरच्याच बाल्कनीत वाळत पडली.

“ही कसली?” हेमचंद्रानं विचारलं.

“लीगची. रविवारी माझी पहिली मॅच आहे. तू येणार नाहीस, माहितीय मला.”

“अगं, त्या अर्ध्या खेळापेक्षा...”

“बाबा, तू एक तरी लीग मॅच पूर्ण पाहिलीयस?”

हेमचंद्र जर्सी उलटसुलट करून पाहू लागला.

“कारखान्यात सुटे भाग तपासताना तू पुरवठादाराच्या नावावर टेप लावतोस. नाव दिसलं की नजर फिरते, असं नव्या पोरांना शिकवतोस. मग माझा खेळ नुसता नावावरून नापास?”

“घ्या!” चहा ओतता ओतता सुचेता म्हणाली. “आता तुमच्याच तोंडाला लावा टेप.”

पोरीचे डोळे भरलेले त्याला दिसले, आणि ते काही त्याच्या मनातून जाईना. त्या आठवड्यात त्यानं लीगच्या तीन मॅच पाहिल्या, वही घेऊन, शिट्टीपासून शिट्टीपर्यंत. शुक्रवारी जेवताना म्हणाला, “अर्धा नाही तो खेळ. सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्यांना, त्यामुळे उसंत म्हणून नाही. मला तर दहाव्या मिनिटाला उचलून न्यावं लागेल. पण आवडतं मला युनियनच.”

कश्मिराचा चेहरा उतरला.

“कारण तर ऐक. लीगमध्ये गडी पडला की भांडण मिटलं. बाकीचे मागे सरतात, तो उठून टाचेनं चेंडू मागे सारतो. युनियनमध्ये पडल्यावरच खरी झोंबाझोंबी. मला ती आवडते. आणि याआधी मी जे बोलायचो ना, ते खेळाबद्दल नव्हतंच. ज्यांनी मला आपलं म्हटलं, त्यांच्याशी बेइमानी होईल असं वाटायचं.”

ती भात चिवडत म्हणाली, “माझंही तसंच आहे, बाबा. त्या संघात, मी मूळची कुठली, हे कुणी विचारलं नाही.” मग एकदम मान वर करून, “पण तुझं कारण लंगडं आहे! लीगमध्येही पाडल्यावर तिघं तिघं धरून ठेवतात, उठू देत नाहीत. ते भांडण नाही?”

“धरून ठेवणं म्हणजे भांडण? त्याला संसार म्हणतात!”

सुचेताला ठसका लागला. भात गार झाला तरी बापलेकीचं संपेना. शेवटी हेमचंद्र वही मिटत म्हणाला, “रविवारी किती वाजता?”

“नऊ.”

“आणि मी नको तिथं टाळी वाजवली तर?”

“वाजव रे,” कश्मिरा म्हणाली. “बघायला माणसंच बारा असतात.”