न शिवलेला कोपरा

बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. भिवंडीच्या बाजारात कोन गावची एक बाई स्वतः शिवलेल्या गोधड्या मांडून बसायची. कापड लूमवरच्या चिंध्यांचंच, पण टाके मुंग्यांच्या रांगेसारखे. प्रत्येक गोधडीचा एक कोपरा ती उघडा ठेवायची. गिऱ्हाइकाने घरातल्या आईच्या लुगड्याचा तुकडा आणायचा, तो आत घालून ती कोपरा शिवून द्यायची. त्याशिवाय गोधडी हातात देत नसे.

मला तेव्हा सातवा महिना होता. मी नवऱ्याचा जुना सदरा घेऊन गेले. तिने तो गालाला लावून पाहिला आणि परत दिला.

“सदरा नको बाय. आयचं लुगरं आन.”

“आई मी लहान असतानाच गेली. तिचं काही राहिलं नाही.”

तिने सुई दातांत धरली, आपल्याच पदराचा काठ टरकन फाडला आणि कोपऱ्यात घालून शिवू लागली.

“आता हाय,” दोरा तोडत ती म्हणाली.

मला मुलगी झाली. ती रडायला लागली की मी तो कोपरा तिच्या गालाशी धरायचे. ती निजली की माझ्या.