आत्याचे विकाऊ फोटो

आत्या गेल्याचं मला तिच्या शेजारच्या सावंतकाकूंनी फोनवर सांगितलं. दुपारी जेवून आडवी झाली होती, चहाला हाक मारली तर उठेना, एवढंच त्या बोलल्या. ऑफिसातून काळाचौकीला तिच्या घरी पोचेपर्यंत मी टॅक्सीतून आत्याच्याच मोबाइलवर दोनदा फोन लावला. का, ते आज सव्वा महिन्यानंतरही मला सांगता येत नाही.

शालूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. पालिकेच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाली आणि चाळीतल्या आजोबांच्या खोलीतच राहिली. मी जाहिरातींची डिझाइनं करते. त्यासाठी लागणारे फोटो बरेचदा आम्ही काढत नाही. वेबसाइटवर लाखो तयार फोटो विकायला असतात, त्यातले घेतो. चार वर्षांपूर्वी आत्याकडे बसून मी पिठाच्या पाकिटासाठी असाच एक फोटो शोधत होते. पडद्यावर केस मोकळे सोडलेली एक बाई भाकरी थापत होती. आत्या चष्मा लावून माझ्या मागे उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हिच्या परातीत पीठ कुठाय?" मी म्हटलं, असेच मिळतात. "मग आपण बरे काढू." मला वाटलं, गंमत करतेय.

पण तिने माझा जुना कॅमेरा मागून घेतला. सकाळी खिडकीत ऊन आलं की ती कट्ट्यावर पांढरा कार्डपेपर पसरायची आणि सोललेला लसूण, सुईदोरा, कोकमाचं सरबत, जे हाताशी येईल त्याचे फोटो काढायची. साइट तपासूनच फोटो विकायला घेते; तिने पाठवलेले पहिले दहाच्या दहा परत आले. कुठे दाणेदारपणा, कुठे फोकस चुकलेला, एकात तेलाच्या डब्यावर कंपनीचं नाव दिसत होतं, तेही चालत नाही. मीच हिरमुसले. तिने मात्र आयुष्यभर मुलींच्या वाकड्या टिपा उसवून पुन्हा घालायला लावलेल्या. तिला यात वावगं काही वाटलं नाही. डब्यावरचं लेबल तिने गरम पाण्याने खरवडून काढलं. फोटो शोधणाऱ्याला सापडावा म्हणून त्याखाली इंग्रजी शब्द लिहावे लागतात, ते विचारायला मला ऑफिसात फोन यायचे. भाकरी थापणं म्हणजे 'पॅट', हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते तर बाळाला झोपवताना करतात ना गं?" शेवटी पिठाने माखलेल्या तिच्याच हातांचा फोटो पास झाला आणि दोन महिन्यांनी कोणीतरी तो विकत घेतला. त्या दिवशी तिने अख्ख्या मजल्याला शिरा वाटला.

मग तिने माणसांचे फोटो काढायला घेतले. सावंतकाकू गॅलरीत खुर्ची टाकून नातू शाळेतून येण्याची वाट बघत बसायच्या. तसा एक फोटो आत्याने काढला, संमतीच्या कागदावर त्यांची सही घेतली. फोटो फार सुंदर होता. तो विकला गेला... आणि काही महिन्यांनी एका वृद्धाश्रमाच्या जाहिरातीत आला. वर लिहिलं होतं, 'मुलांनी पाठ फिरवली तरी आम्ही आहोत.' काकूंच्या मुलाने तो नातेवाइकांच्या ग्रुपवर पाहिला. रोज आईचे पाय चेपून देणारा मुलगा तो. काकूंनी आत्याशी बोलणं बंद केलं, दिवसभर उघडं असणारं त्यांचं दार लोटलेलं राहू लागलं.

आत्याने फोटो साइटवरून काढला. वृद्धाश्रमाला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. मी तिला समजावत होते की सही होती, नियमात सगळं बसतं. ती म्हणाली, "सही मी घेतली. पण विकलेला फोटो कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं, हे मी तिला सांगितलं नाही. मलाच ते कळलं नव्हतं." हेच तिने काकूंच्या दारात उभं राहून त्यांनाही सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि आत गेल्या. त्यानंतर आत्याने कुणाचा चेहरा विकला नाही. हातच काढायची. फुलपुडी बांधणारे, पापड लाटणारे, पाटीवर अक्षर गिरवणारे. त्या दोघी पुढे कधी बोलू लागल्या ते मला नीटसं ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही.

बाराव्या दिवशी फ्रेमसाठी फोटो शोधायला बसलो. आत्याच्या कॅमेऱ्यात शेकडो हात, तिचा चेहरा कुठेच नाही. शाळेच्या ओळखपत्रावरचा घ्यावा असं ठरत होतं, तेवढ्यात काकू मोबाइल घेऊन आल्या. अबोला त्यांनीच मोडला होता म्हणे. एका सकाळी कॅमेऱ्यासमोर जाऊन बसल्या आणि आपल्या मालवणीत म्हणाल्या, "शालू, माझो हसतानाचो काढ. तो खंय लागलो तरी चलात." आत्याला रडू आलं, कॅमेरा काही धरवेना. तेव्हा काकूंनीच आपल्या मोबाइलवर तिचा फोटो काढला.

फोटोत फोकस मागच्या भांड्यांच्या मांडणीवर आहे. पेले एकेक मोजता येतात आणि आत्या धूसर, डोळे पुसता पुसता हसणारी. साइटने तो पहिल्या झटक्यात परत केला असता. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर थोडा नीट करून देते. काकूंनी मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला.

"आसा तसोच लाव," त्या म्हणाल्या. "मी काढलंय तो."

तसाच लावलाय.