डाव्या चाकाचे वंगण

उन्हाळ्यात आई गेली आणि भादव्यात सुमनला, माझ्या धाकट्या बहिणीला, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचे होते. एरवी आईच गेली असती. या वेळी मी निघालो. एसटीचे धक्के सुमनला सोसणार नाहीत म्हणून शेजारच्या वकीलसाहेबांनी आपली जुनी मोटार दिली. मला मोटार चालवता येते, पण तिच्या पोटात काय असते ते मी कधी पाहिलेले नाही. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला रस्ते तेवढे ठाऊक असतात.

उजाडताना जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून बाहेर पडलो. राजूर मागे टाकून भोकरदनला चहा घेतला. पुढे अजिंठ्याच्या डोंगरांची निळी रेघ दिसू लागली. दोन्ही अंगांना कपाशी कमरेएवढी झाली होती. आई असती तर हे सारे घरी जाऊन कोणाला सांगायचे, हा प्रश्न पडला नसता.

धावड्याला सुमनच्या सासूबाईंनी पाटावर बसवून पिठलं-भाकरी वाढली आणि मी पहिला घास घेताच विचारले, "तुमी आलात ते बराबर हाय. पन घरात माय न्हाई. पोरीचं करनार कोन?"

"मंठ्याहून मावशी येऊन राहिली आहे," मी म्हणालो.

"मावशी ती मावशी."

मी पिठल्यात भाकरी कुस्करली. सुमन दाराआड उभी होती. तिची नजर माझ्यावर होती. तिला आईच्या खोलीत बाळंत व्हायचे होते, तसे तिने पत्रात लिहिलेही होते. तिचे सासरे, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ओसरीवर बसून मोटारीकडे पाहत होते.

"चाकाला वंगण कधी घातल्तं?" त्यांनी विचारले. (वंगण म्हणजे बैलगाडीच्या आसाला घालायचे एरंडेल आणि काजळी.)

"ते गॅरेजवाला बघतो, तात्या."

"मंग म्हंजी न्हाई घातलं," असे म्हणून ते उठून गेले. रागावले असावेत असे मला वाटले.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "न्या. पन वाटंत कायबी इपरीत वाटलं तर तसंच माघारी फिरायचं. मंग बाळंतपन हितंच." सुमनची ओटी भरली गेली, धपाटे बांधले गेले. तात्या हात पुसत परत आले आणि म्हणाले, "पुढं बसव तिला. पुढं हिसका कमी." शिवेपर्यंत (गावाच्या हद्दीपर्यंत) सासूबाई बरोबर आल्या, त्यांनी भाकरीचा तुकडा सुनेवरून ओवाळून टाकला आणि पाठ फिरवली.

शीव ओलांडून थोडे पुढे गेलो आणि आवाज सुरू झाला. खर्रर्र, खर्रर्र.

सुमनने माझ्याकडे पाहिले. "दादा, ऐकून राह्यला ना?"

"हो."

"माघारी नको फिरू."

चाक निखळले तर काय, असे मनात आले. परत फिरलो असतो तर सुमनचा धोका टळला असता, पण तिची आईची खोली हुकली असती. मी वेग कमी केला; खरखर सावकाश झाली. वाढवला, भरभर झाली. उतार लागला तेव्हा गियर काढून मोटार नुसती सोडून दिली. इंजिन जेमतेम गुरगुरत होते, तरी खरखर तशीच चालू. म्हणजे इंजिनाचा दोष नव्हता. ब्रेक हलका दाबून पाहिला. सुरात फरक नाही.

सुमन डोळे मिटून ऐकत होती. "दळण संपल्यावर आई रिकामं जातं फिरवायची, आठवतं? शेवटचं पीठ पडावं म्हणून. तस्सा आवाज हाय. दगडावर दगड."

"कुठून येतो?"

तिने पावले दाबली. "हितून. माझ्या पायाखालून."

पुढचे डावे चाक. मी मोटार एका बाभळीखाली थांबवली. शेजारच्या कपाशीत निंदणी चालली होती. एक बाई खुरपे घेऊन बांधावर आली आणि सुमनकडे पाहून मला म्हणाली, "काय वो मास्तर, हितंच बाळंत करता का काय तिला?"

"मी मास्तर हे कसं कळलं?"

"गाडी बिघडली अन् तुमी चष्मा पुसून राह्यलात. दुसरं कोन असनार?"

सुमन खळखळून हसली. आई गेल्यापासून तिचे हसणे मी प्रथमच ऐकले.

बाईच्या खुरप्याने मी चाकाची चकचकीत टोपी उचकटली. आत ग्रीसने माखलेली लहान पत्र्याची वाटी होती. तिच्यावर दगडाने ठोकल्याचे वण होते आणि ती आत चेपली होती. चाकाबरोबर ती फिरत होती आणि आसाच्या स्थिर नटाला घासत होती. एवढेच! वाटी काढली तर आत अंबाडीच्या वाखाचा एक काळा, तेलकट बोळा निघाला. एरंडेलाचा वास आला.

सुमनने तो हातात घेतला. "हा तर तात्यांचा बोळा. लांबच्या वाटेला गाडी जुंपायची असली की असाच घालतात." तिने तो उलटसुलट करून पाहिला. "बाकीच्या चाकांना हाय?"

मी दुसरे पुढचे चाक पाहिले. त्याला कोणी हात लावला नव्हता. तिने आपल्या बसण्याच्या जागेकडे पाहिले आणि बोळ्यावर मूठ मिटली.

खुरप्याच्या लाकडी मुठीने वाटीचा पोचा बाहेर काढला, वाटी पुसून परत बसवली. बाईला धपाटे दिले; खात खात ती म्हणाली, "जावा आता जल्दी." निघालो. दोघेही कान देऊन होतो. टायरांखालची खडी वाजत होती, वारा होता, आणि दुसरे काही नव्हते. राजूर येईपर्यंत सुमन झोपून गेली. जालन्याला मावशी दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती.

सुमनला आईच्या खोलीतच मुलगी झाली. बारशाला तात्या आले ते घरात शिरण्याआधी शेजारच्या अंगणात गेले आणि वकीलसाहेबांच्या मोटारीचे डावे चाक त्यांनी हाताने चाचपले.

"वाटंत कुरकुरलं का?" त्यांनी मला विचारले.

आतून सुमन खिडकीशी आली होती.

"बिलकुल नाही, तात्या," मी म्हणालो.

"मंग!" ते म्हणाले, आणि चप्पल काढून नातीला पाहायला आत गेले. घरात माय नाही, असे सासूबाई म्हणाल्या होत्या. पण त्या रस्त्यावर एका चाकापुरती, तात्यांच्या बोळ्यात, ती होती, असे मला अजून वाटते.