पाटलाला सांगून

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, गाव सोडण्याआधी पोलीस पाटलाला सांगून येतात. समुद्रपूरचा बाजार असो की वर्ध्याचा दवाखाना. इंग्रजांनी आम्हा पारध्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. न सांगता गाव सोडलं की कैद. तो कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली. आताचा पाटील माझ्याहून थोडाच मोठा आहे. मोबाइलवरून नजर न काढता तो "जाय, जाय" म्हणतो. मला ते बघवत नसे, पण मी कधी बोलले नाही.

माझ्या जातीच्या दाखल्याला जुना पुरावा हवा होता, म्हणून काकाने एका जुन्या पोलीस रजिस्टरची नक्कल मिळवली. ती इंग्रजीत होती, आणि आमच्या बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीत, इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. त्यात आबाजींच्या वडिलांचं नाव होतं, जात होती, गालावरचा व्रण होता. गुन्ह्याच्या रकान्यात नुसती रेघ. पुढे शेरा: सवयीचा चोर.

शेरा मी गाळला.

"पुढचं वाच," आबाजी म्हणाले. "तुई नजर पुढं गेलती, तोंड नाई गेलं."

वाचलं.

त्याच कागदावर मला दाखला मिळाला. घरात सगळे खूश होते. आबाजींनी मला अर्ज लिहायला बसवलं: माझा बाप चोर नव्हता, असं सरकारनं लिहून द्यावं. मी मराठीत सुरुवात केली.

"त्यायनं इंग्रजीत लिहिलं ना? मंग तूबी इंग्रजीतच लिही."

वर्ध्याच्या कचेरीत बाबूने अर्ज दोनदा वाचला. "पण पाहिजे काय तुम्हाला? घरकुल? जमीन?"

"कागद पाह्यजे."

"याचं टेबल कोणतं, मलेच माहीत नाई, आबाजी." पोच म्हणून आमच्या प्रतीवर शिक्का मात्र त्याने जपून, सरळ मारला.

परतताना बसमधून उतरल्यावर आबाजी पाटलाच्या घराकडे वळले. सकाळी आपण न सांगताच निघालो होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"आज न सांगता गेलतो," ते ओसरीसमोर उभे राहून म्हणाले. "काऊन गेलतो, ते हे पोरगी वाचून दाखवते."

पाटील हसला. "म्या कधी अडवलं का तुमाले?"

"तुया आजानं अडवलं होतं. माह्या बापाले."

शाळेत मी कधी उभी राहून वाचलं नव्हतं. तिथे तो अर्ज वाचला, एकेका ओळीचं मराठी करत. 'सवयीचा चोर'पाशी थांबले. पाटलाने मोबाइल बाजूला ठेवला आणि खुर्ची पुढे सरकवली.

आबाजी बसले नाहीत. "वाच," मला म्हणाले.