सात सेकंदांचा गायक

मालेगावात भोंग्याची रिक्षा चालवणाऱ्या माणसानं एकेकाळी गायलेलं गाणं जिल्ह्यातल्या प्रत्येक वरातीत वाजायचं. आता इंटरनेटनं त्याचा मोठाच सन्मान केलाय: कुणी खड्ड्यात आपटलं, की व्हिडिओला त्याची सात सेकंदांची तान! आमच्या रस्ता-आंदोलनानंही ती लावली. गावोगाव लोक हसले, खड्डा शाबूत.

मोर्चाचा पुकारा करायला त्यालाच गाठलं, तर रुमालानं माइक पुसत म्हणाला, "भाऊ, गानं चार कडव्याचं हाये. एकडाव पुरं तं आयका."

मी उपकार केल्यासारखा रिक्षात बसलो. दुसऱ्याच कडव्याला माझा अंगठा सवयीनं मोबाईलवर सरकू लागला. त्यानं गाणं बंद केलं.

"राहू द्या. तुमच्या मोर्चाचं सांगा, किती सेकंदात बोलू?"