ज्याची मशीन, त्याची पूजा

नोकरीत हाताळलेली बरीचशी प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कुठल्या गावचा, हे विचारले तर मला आज सांगता येणार नाही. शेंद्र्याच्या एका कारखान्यातले प्रकरण मात्र तसे मिसळले नाही. दसरा जवळ आला की ते हटकून वर येते.

मी तेव्हा शहराच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. शेंद्र्याची वसाहत नवी होती. रस्त्याच्या एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेड. आमच्या ठाण्याला बांधावरच्या मारामाऱ्या पाठ होत्या, कारखान्यांचे व्यवहार आम्ही नुकते शिकत होतो.

सकाळची हजेरी आटोपत असताना घाटीतून, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यातून, फोन आला. उजवा पंजा चेचलेला एक इसम दाखल झाला होता आणि त्याला आणणारे नाव न सांगता निघून गेले होते. ठाणे अंमलदार त्याची नोंद घेतो न घेतो, तोच कारखान्याचा मॅनेजर फिर्याद घेऊन दारात हजर. त्याचे म्हणणे असे, की हा इसम मागच्या भिंतीवरून चढून पितळेचे भंगार चोरायला शेडमध्ये शिरला. तिथल्या बंद पॉवर प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा दाबून घडवायच्या मशीनमध्ये, त्याचा हात सापडला. रखवालदाराने त्याला पकडले आणि कंपनीने केवळ माणुसकी म्हणून त्याला दवाखान्यात पोहोचवले.

फिर्याद टाइप करून आणलेली होती. चोरी झालेला माणूस सहसा इतक्या नीटनेटक्या कागदानिशी येत नाही. तो आधी आरडाओरडा करतो आणि मग एकेक गोष्ट आठवून सांगतो.

"बंद मशीन हात कसा चेचते?" मी विचारले.

"चुकून बटण दाबलं गेलं असेल," मॅनेजर म्हणाला. "आम्ही कुठं पाहायला होतो साहेब?"

आधी जागा पाहतो, मग बोलू, असे सांगून मी त्याला वाटेला लावले आणि हवालदाराला घेऊन घाटी गाठली.

जखमी इसम औषधांच्या गुंगीत होता. वॉर्डाबाहेर त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. दोघे मूळचे पिशोरचे. तिला कोणीतरी एवढेच सांगितले होते, की नवऱ्यावर चोरीची केस होणार आहे. हाताबद्दल ती काही बोललीच नाही.

"साहेब, चोर म्हणून लिवू नका," ती म्हणाली. "हात गेला तर गेला. पर पिशोरला ह्यो शब्द पोचला तर आमाला गावात कोन उभं करंल? आमच्या घरात आजवर कुनी कुनाच्या बांधावरचं लाकूड उचललं नाय."

"तो कारखान्यात काय करायचा?"

"कामाला जायचा. दीड वरीस झालं. मशीनवर हाय म्हनायचा."

दुपारनंतर इसम शुद्धीवर आला. त्यानेही तेच सांगितले. प्रेसवर काम करतो, हात आत जाऊ नये म्हणून पुढे लावलेली जाळी, म्हणजे गार्ड, काढून ठेवलेला होता, हात आत असताना प्रेस खाली आली. पण चोर ठरवलेला माणूस असे म्हणणारच, असे कोणत्याही वकिलाने म्हटले असते. मला त्याच्या तोंडाबाहेरचा पुरावा हवा होता.

पहिला धागा गेटवरच्या रखवालदाराने दिला. तो कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर आमच्या हवालदाराला गाठून म्हणाला, मोठ्या साहेबांशी बोलायचे आहे. ज्याने चोर पकडला असे फिर्यादीत लिहिले होते, तोच हा. मी साध्या कपड्यांत तिथे गेलो.

"साहेब, चोर मागच्या भिंतीवरून आला म्हनत्यात," तो इकडेतिकडे पाहत म्हणाला, "आन् त्याची सायकल पुढं सायकल स्टँडात लावलेली हाय. भिंत चढनारा मानूस सायकलीला कुलूप लावून, मला रामराम घालून आत जातो व्हय?"

"मग तो आहे तरी कोणाचा माणूस?"

"ते इचारू नका. आत मानसांचे लई प्रकार हायत. निळ्या शर्टाचे परमनंट. करड्या शर्टाचे ठेकेदाराचे. ट्रेनी म्हंजे ज्यांचं शिकनं कंपनी कधी संपूच देत नाय ते. आन् ज्यांना कसलाच शर्ट नाय, ते ह्यो. काम समद्यांचं एकच."

"आणि तुम्ही?"

"मी एजन्सीचा. गेट कंपनीचं, डंडा एजन्सीचा, शिव्या तेवढ्या माझ्या." मग तो गंभीर झाला. "मी कुनाला पकडलं नाय साहेब. उद्या कोर्टात त्या पिंजऱ्यात मलाच उभं करतील, मॅनेजरला नाय."

या माणसाची भीती मला पटली. खोटे बोलायला त्याची फारशी हरकत दिसली नाही, पण दुसऱ्याचे खोटे स्वतःच्या अंगावर घ्यायची तयारी नव्हती. अशा साक्षीदारावर बेतशीर भरवसा ठेवता येतो.

सायकलीचा पंचनामा केला, तेव्हा मॅनेजरने लगेच पवित्रा बदलला. हो, इसम गेटनेच आला होता, पण तो कंपनीचा नव्हे. ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराला ठाण्यात बोलावले. हा शहरातला, बोलायला गोड, खुर्ची दिली की पाय पसरून बसणारा गृहस्थ.

"साब, तो माझा लेबर नाही. तो खुद ठेकेदार आहे," त्याने एक कागद पुढे केला. त्यावर जखमी इसमाचा अंगठा होता. शेडच्या सफाईचे काम स्वतंत्र ठेकेदार म्हणून घेतले आहे, अपघाताची जबाबदारी स्वतःची, असा मजकूर होता. "मी त्याला सफाई दिली. तो प्रेसकडे गेला तो चोरीच्या इराद्याने. मैं क्या करूं?"

"त्याच्या हाताखाली किती माणसं?"

"एकटाच आहे."

"कामाची वेळ कोण ठरवायचं?"

"शिफ्टचा भोंगा. सगळ्यांना एकच."

"बरं. एखाद्या दिवशी त्याने स्वतःऐवजी भावाला पाठवलं असतं तर? ठेका तर त्याचाच."

"कैसे चलेगा साब? त्यालाच यावं लागतं. सुपरवायझर दुसऱ्याला आत घेणार नाही."

आपण काय बोलून गेलो हे त्याच्या लक्षात आले नाही. मी ते जबाबात शब्दशः उतरवून घेतले. हाताखाली माणूस नाही, वेळ दुसऱ्याची, स्वतःऐवजी कोणाला पाठवायची मुभा नाही, तरीही हा म्हणे स्वतंत्र. पण एवढ्याने तो प्रेसवर काम करत होता हे सिद्ध होत नव्हते. सफाईवाला चोर, ही गोष्ट अजून उभीच होती.

शेडमधल्या कामगारांनी तोंड उघडले नाही. परमनंट लोकांना सुखाच्या नोकरीला नख लागू द्यायचे नव्हते. ठेकेदाराच्या लोकांना दुसऱ्या दिवशी गेटच्या आत यायचे होते. त्यांना मी तेव्हाही दोष दिला नाही.

जागेचा पंचनामा करायला शेडमध्ये उभा होतो तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. खंडेनवमी होऊन थोडेच दिवस झाले होते. प्रत्येक मशीनवर वाळलेल्या झेंडूचा हार लोंबत होता आणि लोखंडावर हळदीकुंकवाची बोटे तशीच होती. ती कोणी पुसत नाही, झिजून जाईल तेव्हा जाईल. आमच्या ठाण्यातही शस्त्रपूजेचे कुंकू बंदुकीच्या दस्त्यावर पुढे बरेच दिवस दिसते. फक्त ती एक प्रेस चकचकीत होती. हार नाही, कुंकू नाही. रक्त धुताना सगळेच धुऊन काढले होते.

शेजारच्या मशीनवर एक वयस्क कामगार होता. मी त्याला अपघाताबद्दल काहीच विचारले नाही. हार छान गुंफलाय, कोणी घातला, एवढेच विचारले. तो खुलला.

"मीच की साहेब. आमच्या शेडात ज्याची मशीन त्यानंच पूजा करायची, ती बी जोडीनं. त्या दिवशी बायामानसं येत्यात, पोरं येत्यात. वरीसभर जिच्यापुढं उभं ऱ्हायचं, तिच्या पाया पडायला नको?"

मी सुपरवायझरला बाजूला बोलावले. पन्नाशीचा, कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ. आधीच्या जबाबात त्याने न अडखळता सांगितले होते, की ती प्रेस कित्येक महिने बंद आहे, तिच्यावर कोणीच ऑपरेटर नव्हता आणि जखमी इसम झाडू मारायचा.

"या प्रेसची पूजा केली नव्हती का?" मी विचारले.

तो चपापला. "असं कसं साहेब? समद्या मशीनची केली. पूजेबिगर कशी ठेवू?"

"बंद मशीनचीसुद्धा?"

"बंद असली म्हनून काय झालं? मशीन ती मशीनच."

"बरोबर आहे. मग हिची कोणी केली?"

मी गप्प राहिलो. चौकशीत गप्प राहणे हे पुष्कळांना जमत नाही, आणि साहेब बोलत सुटला की समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो. तो एकदा प्रेसकडे बघायचा, एकदा शेडच्या कोपऱ्यातल्या देवीच्या तसबिरीकडे. स्वतःचे नाव सांगितले असते तरी भागले असते. दुसऱ्या कोणाचेही चालले असते. माणसाबद्दल खोटे बोलताना त्याची जीभ अडखळली नव्हती, पूजेबद्दल मात्र ती वळेना.

शेवटी त्याने माळ हातात धरली. "त्यानं अन् त्याच्या मालकिनीनं," तो म्हणाला. "मशीन त्याचीच होती साहेब. वरीसभर तोच चालवत होता. उत्पादन कमी पडायला लागलं म्हनून गार्ड काढायला वरून सांगितलं, अन् म्या काढला." मग तो खाली बसला आणि रडू लागला.

तो रडला म्हणून मला समाधान वाटले नाही. पण जबाब पंचांसमक्ष घेतला आणि ताबडतोब घेतला, कारण असा माणूस रात्रीतून सावरतो. एकाने सांगितल्यावर शेडमधले इतरही बोलू लागले.

घाटीत जाऊन मी बायकोला विचारले, पूजेला तू गेली होतीस, हे आधी का नाही सांगितलेस?

"त्यात काय सांगायचं? म्याच तर कुकू लावलं त्या मशीनला. नारळ ह्यांनी फोडला. पर तुमी चोरीचं इचारत व्हता, पूजेचं कुनी इचारलं?"

चोरीची फिर्याद खोटी ठरली. निष्काळजीपणाचा आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा मॅनेजर आणि ठेकेदारावर दाखल झाला. सुपरवायझरही त्यातून सुटला नाही. जखमी इसम कोणाचा कामगार, हा वाद पुढे कामगार न्यायालयात बरेच दिवस चालला. तिथे माझी साक्ष झाली. अंगठ्याच्या कागदापेक्षा भोंगा, सुपरवायझरचा हुकूम आणि त्या प्रेसपुढे त्याचे रोजचे उभे राहणे न्यायालयाला जास्त वजनदार वाटले. तो कंपनीचा कामगार ठरला आणि डाव्या हाताने जमेल असे गेटवरचे काम त्याला कंपनीला द्यावे लागले.

त्यानंतर कारखान्यातल्या कोणत्याही अपघाताच्या चौकशीत हा कोणाचा माणूस, हा प्रश्न मी आधी विचारला नाही. त्याचे उत्तर प्रत्येकाने तयारच ठेवलेले असते. हा रोज सकाळी येऊन काय करायचा आणि कोणाच्या सांगण्यावरून करायचा, तेवढे मी विचारत गेलो. नव्या फौजदारांनाही मी हेच सांगत आलो. काहींनी ऐकले.

निकालानंतरच्या खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी, बंदोबस्तासाठी शेंद्र्याकडे जाताना मी त्या गेटवर जीप थांबवली. त्याने डाव्या हाताने सॅल्यूट केला आणि खिशातून आपट्याची पाने काढून माझ्या हातावर ठेवली. पूजा कशी झाली, मी विचारले.

"झाली साहेब. पर आता आमी करायची नाय. वरून हुकूम आलाय. बायकापोरांना आत बंदी. यंदा एकच हार आला, त्यो मॅनेजरसाहेबांनी हाफिसात तसबिरीला घातला. आत पंधरा-वीस मशिनी हायत, एकीला बी कुकू नाय." त्याने शेडकडे बोट दाखवले. "माझ्या प्रेसवर आता नवा गडी उभा ऱ्हातो. बिगरशर्टाचा. काल त्यानं शिफ्ट सुटताना गुपचूप मशीनला हात लावून नमस्कार केला. मी बघितलं. आनखी कुनी बघितलं नसंल."