आधी पांढरा हात

निकेशने बाहुलीघर जोडायच्या आधीच त्याला पांढरा रंग फासला. रोह्याच्या खोलीत खोकं उघडलं, प्लायवूडचे तुकडे निघाले, आणि जोहे गावच्या, घरच्या गणपती कारखान्यात वाढलेल्या हाताने सवयीने ब्रश उचलला. काहीही असो, आधी पांढरा, मग बाकीचं. दोन हात मारून झाले. वाळल्यावर कळलं, की तुकड्यांवरचे नंबर रंगाखाली गेलेत आणि खाचा भरल्यामुळे एक भिंत दुसरीत बसत नाही. रविवारी नूतनचा वाढदिवस. बाबा घर बांधतोय, हे लेकीने अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलेलं.

आता निस्तरणारं माणूस एकच, जोह्याची पुतळीवहिनी. थोरल्या भावाची बायको, कारखान्याची खरी मालकीण. मूर्तींचे डोळे आखते. हात जितका हलका, तितकी जीभ जड. तीन वर्षांपूर्वी ऐन हंगामात निकेश काम टाकून रोह्याला कंपनीत लागला, तेव्हापासून बोलणं बंद.

शनिवारी सकाळी तो खोकं घेऊन दारात उभा राहिला. वहिनीने हातातल्या गणपतीचा डावा डोळा पुरा केला, मगच खोक्यात पाहिलं.

"काम टाकून गेलास, नि खोड तेवढी संगती नेलीस."

निकेशने शिफ्टची, थकव्याची सबब काढली. तिने पॉलिश पेपर पुढ्यात टाकला. तो दिवसभर खाचा घासत बसला आणि ती तुकडे जुळवत, शेजारणीला मोठ्याने सांगत राहिली, की कंपनीत गेलेल्याला साधी भिंतसुद्धा उभी करता येत नाय.

संध्याकाळी घर उभं राहिलं. डोळ्यांच्या बारीक ब्रशने तिने खिडक्यांना काळी रेघ ओढली, तसं घर निकेशकडे रागाने बघायला लागलं. पुढचं दार मात्र तिने उचलून फडताळात ठेवलं.

"हंगाम बुडवलास माझा. तीन रविवार येऊन मूर्तींना पांढरा मार, मंग दार ने."

"वहिनी, वाढदिवस उद्या हाय."

"मंग उद्या बिनदाराचा कर."

पुढचे दोन रविवार तो गेला. चहा मिळाला, शब्द नाही. तिसऱ्या रविवारी शिफ्ट आली. चौथ्याला आली नव्हती, पण त्याने वहिनीला आली म्हणून सांगितलं.

नूतन रोज बाहुलीला झोपवते, आणि दाराच्या भोकाला पत्त्यातली राणी टेकवून ठेवते.